अडीच लिटर

५ सप्टेंबर, सोमवार

निवृत्त होताना मी रुताला बजावलं होतं की यापुढे या घरात दुसऱ्याचं पोर वही घेऊन येणार नाही. एकतीस वर्षं शेंबडी पोरं सांभाळली, त्यातली अकरा हेडमास्तर म्हणून. वीट आलाय. आणि आज सकाळी चर्चमागच्या घरातली सिएनी म्हातारी लंगडत दारात उभी, हातात टोपलीभर पानीकेके, पिठाचे गोड तळलेले गोळे. टोपली बघूनच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार.

तिची नात मोएलागी, वय एकोणीस. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत गेल्या वर्षी गणितात सहा गुणांनी आपटली. परीक्षा दोनदाच देता येते. दुसरी आणि शेवटची ९ नोव्हेंबरला.

"यंदा गेली तर संपलं, लेसा," म्हातारी म्हणाली. "तिच्या मामाने न्यूझीलंडला फळं तोडायला नाव घालून ठेवलंय. सहा महिने इकडे बेटावर, सहा महिने तिकडे, आणि मग हातात काय? पाठदुखी."

"मी भूगोल शिकवायचो, सिएनी. गणित फक्त सातवीपर्यंत."

"आपल्याला येत नाही असं काही आहे का?"

आतून रुता हसली. बायको असून नवऱ्याच्या बाजूने हसायचं तिला आयुष्यात जमलं नाही. "टोपली भरलेली असली की हेडमास्तरांना सगळं येतं हो," म्हणाली.

हो म्हणून बसलो. स्वतःचाच राग येतोय. पानीकेके तेलकट होते. सात खाल्ले.

६ सप्टेंबर, मंगळवार

मुलीला फोनवर सांगण्याची चूक केली. लुसिया ब्रिस्बेनला शिकवते, म्हणजे तिथल्या पद्धतीने पोरांचे लाड करते. तासाभरात तिने एक कागद पाठवला. 'एकाच विद्यार्थ्याची शिकवणी कशी घ्यावी.' रुताने तो दुकानातून छापून आणला आणि माझ्या टेबलासमोर खिळ्याला अडकवला.

वाचून शिसारी आली. शिकवणाऱ्याने कमी बोलावं, विद्यार्थ्याने जास्त. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प बसावं. तास संपताना विद्यार्थ्याकडून शिकून घ्यावं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, उत्तर चुकलं तर लगेच फुली मारू नये, 'हे कसं काढलंस' असं विचारावं. चुकलेलं उत्तर चुकूनच येतं. त्यात विचारायचं काय? वैद्य पडलेल्या माणसाला विचारतो का, कसे पडलात, जरा पुन्हा पडून दाखवा?

तरी तासाचा आराखडा केला, कारण आराखड्याशिवाय मी कधी वर्गात गेलो नाही. पाच मिनिटं उजळणी, पंधरा मिनिटं नवी रीत, वीस मिनिटं सराव, पाच मिनिटं गृहपाठ. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शुक्रवारी. आज चाचणीही तयार केली, वीस गणितं, तिला काय येतं ते बघायला. कागदावरची ही एक गोष्ट शहाणपणाची आहे. ती मला आधीपासून माहीत होती.

७ सप्टेंबर, बुधवार

पोरगी वेळेवर आली. केस ओले, विंचरलेले, कपाळावर एकही बट नाही. मी खुर्ची दाखवली तर चटईवर बसली, पाय दुमडून, माझ्या गुडघ्यांच्या खाली. वही आणायला खोलीच्या पलीकडे जायचं तर दर वेळी वाकून 'तुलोऊ, तुलोऊ', म्हणजे माफ करा माफ करा, म्हणत, जणू माझ्या समोरून जाणं हा गुन्हाच. वळण चांगलं आहे, मान्य. पण तोंड? तोंडात मिठाची गुळणी. 'कळलं?' विचारलं की भुवया वर, म्हणजे हो. 'नाही कळलं?' विचारलं तरी भुवया वर.

चाचणीत वीसपैकी नऊ. दशांश चिन्ह कुठेही टाकते. मिलिग्रॅम आणि ग्रॅम यांतला फरक तिच्या लेखी नाही. आणि मिश्रणाचं गणित, जे पेपरात दर वर्षी आठ गुणांना येतं, ते चूक. एक भाग जंतुनाशक, चार भाग पाणी, असं दहा लिटर मिश्रण करायचं, तर जंतुनाशक किती? तिने लिहिलं, दोन लिटर. कुठून आणलं हे दोन, देव जाणे. मी लाल पेनने अशी फुली मारली की कागदाच्या मागे उमटली. मग समजावून सांगितलं. एकास चार, म्हणजे दहाला चारने भागायचं. अडीच लिटर. सरळ आहे.

ती त्या अडीचकडे बराच वेळ बघत बसली. मग भुवया वर.

त्या कागदाचा मान म्हणून एकदा दहा सेकंद थांबूनही बघितलं. सहाव्या सेकंदाला बाहेर डुक्कर ओरडलं. दहाव्याला पोरगी म्हणाली, "हो, सर." मी काही विचारलंच नव्हतं, फक्त थांबलो होतो.

१४ सप्टेंबर, बुधवार

तिसरा तास. दशांश चिन्ह हळूहळू जागेवर येतंय. ग्रॅमचे मिलिग्रॅम करताना तीन घरं उजवीकडे, हे तिच्या डोक्यात घालायला मला घसा कोरडा करावा लागला. पंचेचाळीस मिनिटांतली चाळीस मी बोललो असेन. दुसरं कोण बोलणार?

मिश्रणाच्या गणितात मात्र पुन्हा तेच. एकास नऊ, पाच लिटर मिश्रण. हिने लिहिलं, अर्धा लिटर. पाचला नऊने भागायचं, एवढं साधं. पुन्हा फुली. मी म्हणालो, "मोएलागी, तू ऐकतेस की चटईच्या काड्या मोजतेस?" तिचे कान लाल झाले. खोडून माझं उत्तर लिहिलं, अगदी सुवाच्य.

आमची घरं भिंतींविना. येणारी जाणारी प्रत्येक बाई माझा आवाज ऐकते आणि तिच्याकडे बघून जाते. मला त्याचं काही वाटत नाही. लाज वाटली तर शिकेल.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

आली नाही. निरोप नाही. संतापून मीच त्यांच्या घरी गेलो.

जायला नको होतं. सिएनीचा पाय साखरेने सडलाय, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. पोरगी फडकं सोडत होती आणि वास दारापर्यंत आला. रुमाल नाकाला लावला तो काढलाच नाही. पोरीने ना नाक मुरडलं ना तोंड फिरवलं. जखम धुतली, पुसली, बांधली, आजीला काहीतरी सांगून हसवलंही. मग माझ्याकडे बघून मान खाली.

"गावच्या नर्सबाईंनी दाखवलंय तिला," सिएनी म्हणाली. "दोन वर्षं रोज तीच करते. बसा ना, लेसा, कोको आणते."

त्या वासात कोको. नको म्हणालो. फळीवर औषध कालवायची बाटली होती, तिच्यावर गुलाबी नेलपॉलिशच्या पाच रेघा, अंतर मोजून मारल्यासारख्या सारख्या. या वयाच्या पोरींना नेलपॉलिश लावायला दहा बोटंही पुरत नाहीत. बाटल्या रंगवतात.

घरी येऊन आंघोळ केली. रुता म्हणाली, "रुमाल लावून बसलात म्हणे." गावात एवढ्यात कळलंसुद्धा.

२८ सप्टेंबर, बुधवार

सरावाचं पुस्तक मिळालं, मागे उत्तरं छापलेलं. उघडल्याबरोबर चीड आली. मिश्रणाची पाच गणितं, पाचही उत्तरं चूक. एकास चार, वीस लिटर, उत्तर म्हणे चार लिटर. आजकाल छापखान्यात कोण बसतं? मी पेन घेतलं आणि पाचही दुरुस्त केली, प्रत्येकाखाली सही. पोरीच्या हाती असलं पुस्तक पडलं तर ती पुन्हा आपल्या जुन्या चुकीला जाऊन बसेल.

तिच्यासमोरच दुरुस्त केली, म्हणजे तिला कळावं की छापलेलं सगळं खरं नसतं. ती बघत होती. तोंड उघडलं, मला वाटलं आता काहीतरी विचारणार. मी मुद्दाम थांबलो. मग तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, "सर, मी कोको आणू का?"

या पिढीचं काही व्हायचं नाही.

९ ऑक्टोबर, व्हाइट संडे

पोरांचा दिवस. पोरं टेबलावर, आम्ही म्हातारे वाढपी. वर्षातून एकदा सहन होतं.

सरबताचं काम माझ्याकडे होतं. बाटलीवर लिहिलेलं, एक भाग सरबत, चार भाग पाणी. मोठ्या बादलीत दहा लिटर करायचं. मी मापून अडीच लिटर सरबत ओतलं आणि बाकी पाणी. पाद्रीबाईंच्या नातवाने एक घोट घेतला आणि पांढऱ्या शर्टावर थुंकला. मग एकेक पोर तोंड वाकडं करायला लागलं. घशाला चिकटणारं, गुळचट, घाण. मीही चाखलं, खरंच घाण होतं.

"अहो, काय केलंत हे?" रुता.

"लिहिल्याप्रमाणे केलंय. कारखान्यानेच जास्त गोड केलं असेल."

"दर वर्षी तीच बाटली असते. दर वर्षी मी करते आणि दर वर्षी पितात."

तिने त्यात आणखी अडीच लिटर पाणी ओतलं, अंदाजाने. पोरं प्यायली. बायकांचं स्वयंपाकघरातलं काम सगळं अंदाजपंचे असतं आणि वर ते बरोबर येतं, याचा मला मनापासून राग आहे.

तिथे मोएलागी ग्लास धुवायला होती. आमचं बोलणं तिने ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही, ग्लासाकडे बघत राहिली.

१९ ऑक्टोबर, बुधवार

लुसियाचा फोन. "बाबा, ती किती बोलते तासाला?"

"ती बोलत नाही. ऐकते."

"मग तिला कळतंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"गेले सहा तास मिश्रणाचं एकही गणित चुकलेलं नाही. सगळी माझ्या रीतीने."

ती म्हणाली, "एकदा तिला तुमची मास्तरीण करा. तुम्ही चटईवर बसा, ती खुर्चीवर."

मी फोन ठेवला. माझ्या गावात, माझ्या घरात, भिंती नसलेल्या घरात, मी चटईवर आणि सिएनीची नात खुर्चीवर. ब्रिस्बेनची हवा डोक्यात जाते ती अशी.

नंतर बराच वेळ तो कागद वाचत बसलो. 'हे कसं काढलंस?' मी एकदाही विचारलेलं नाही, हे खरं. पण बरोबर उत्तर आल्यावर विचारून काय करायचं?

२६ ऑक्टोबर, बुधवार

पूर्ण पेपर घेतला, घड्याळ लावून. चाळीसपैकी तेहतीस! मिश्रणाची आठही गणितं बरोबर. पोरीच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण बाहेर दोन बायका उभ्या होत्या. "गेल्या वर्षी असा मास्तर असता तर आज अपियाच्या नर्सिंग कॉलेजात असतीस," एवढंच म्हणालो.

तिने मान आणखी खाली घातली. आनंद झाला की माणूस वर बघतो ना? हिला आनंदसुद्धा करता येत नाही. डोळे ओले दिसले. उकाडा होता.

८ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या परीक्षा. आज शेवटचा तास, आणि आज मला जे दिसलं त्याने तळपायाची आग मस्तकात गेली.

मिश्रणाचं गणित दिलं. ती लिहायला लागली. पान उलटताना कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक काहीतरी दिसलं. खोडलेलं, पण उमटलेलं. दोन. खाली पेनने स्वच्छ, अडीच. मागची पानं बघितली. प्रत्येक गणिताला तेच. आधी कोपऱ्यात तिचं जुनं उत्तर, मग ते खोडून माझं. दोन महिने! दोन महिने मी घसा फोडतोय आणि ही आधी आपल्या रीतीने करून बघते, मग दया केल्यासारखं माझं लिहिते!

"हे काय आहे?"

गप्प.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे, सर."

"मग उद्या कोणाचं लिहिणार? माझं की या कोपऱ्यातलं?"

नजर जमिनीवर, चटईच्या काड्यांवर.

माझा आवाज चढला. मी म्हणालो, "ऐक. उद्या पेपरात मी शिकवलं तसंच लिहायचं. आणि तुझीच रीत चालवायची असेल तर चालव, पण मग पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

रस्त्यावरून जाणारं कोणीतरी थांबलं. ती उठली, वाकून 'तुलोऊ' म्हणत माझ्यासमोरून गेली. पायऱ्यांवरून उतरताना एक क्षण थांबली, मागे बघितलं नाही.

रुता म्हणाली, "परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी असं बोलतं?"

"शिस्त लावायची कधी मग? नंतर?"

"शिस्त लावता की धाक घालता?"

जेवण गेलं नाही. मला वाटतं मासा शिळा होता.

१६ नोव्हेंबर, बुधवार

परीक्षा होऊन आठवडा झाला. पोरगी फिरकली नाही. पेपर कसा गेला, एक शब्द नाही. सिएनीही नाही. चर्चमध्ये मागच्या रांगेत बसतात आणि शेवटचं गाणं सुरू असतानाच निघून जातात. पानीकेके आणताना रस्ता बरोबर सापडत होता.

म्हणजे तिने तिच्याच रीतीने लिहिलं. आणि नापास होणार म्हणून तोंड लपवते. बरं झालं. नाही, बरं नाही झालं. आठ गुण गेले म्हणजे सगळं गेलं. फळं तोडेल आता. मला काय त्याचं.

१३ डिसेंबर, मंगळवार

नर्सिंगचे निकाल रेडिओवर वाचून दाखवले. आमच्या सावाईई बेटातून पाच नावं. चौथं मोएलागीचं.

मी रेडिओ बंद केला. रुताने तो पुन्हा लावला, मग स्वतःच बंद केला आणि नाचली, या वयात, हातात चमचा. "गेलात का अभिनंदन करायला?" म्हणाली.

"ती का नाही येत? शिकवलं कोणी?"

संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत वाट बघितली. आली नाही. लोकांना गरजेपुरता मास्तर हवा असतो. किळस आली या सगळ्याची.

२८ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण नाही लिहिलं तर मी आणखीच नालायक.

पहाटे रुताने हलवलं. "अहो, उठा. दारात इफोगा आहे."

"कोण मेलं?"

"कोणी मेलं नाही. सिएनी आहे, आणि पोरगी."

मला वाटलं झोपेत ऐकतोय. इफोगा काय खेळ आहे? खून होतो, कोणाची पोर पळवली जाते, तेव्हा गुन्हेगाराच्या घरचे डोक्यावरून घराण्याची चटई पांघरून दारात बसतात. घरधन्याने येऊन चटई काढली तर माफी. नाही काढली तर बसून राहतात, ऊन डोक्यावर येईपर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत. माझ्या आयुष्यात मी तीन पाहिल्या, तिन्ही रक्ताच्या.

बाहेर बघितलं. खडीवर दोन आकृत्या, एका बारीक विणीच्या चटईखाली. ती चटई सिएनीच्या लग्नातली, गावात कोणाकडे तशी नाही. रस्त्यावर माणसं जमायला लागलेली.

आणि मी काय केलं? चांगला शर्ट शोधला. गाव बघतंय म्हणून. बटणं लावली, काढली, दुसरा घातला. कशाची माफी मागतायत हेही मला कळत नव्हतं, पण मनात एक कोपरा खूश होता की आली अखेर, वाकली अखेर. तेवढा वेळ ती म्हातारी सडका पाय दुमडून खडीवर बसली होती. हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि आता लिहिताना मला माझीच ओकारी येते.

रुताने मला पाठीत ढकललं. खरोखर ढकललं. मी गेलो आणि चटई काढली.

सिएनीने मान वर केली नाही. "लेसा, पोरीने आपला शब्द मोडला. अडीच महिने हिने मला सांगितलं नाही, काल सामान बांधताना रडली तेव्हा कळलं. सोमवारी अपियाची बोट आहे. आपला राग डोक्यावर घेऊन ती बोटीत बसणार नाही म्हणते. मीही बसू देणार नाही. आपण मोठे आहात."

"काय मोडलं? पास झाली की."

"सर," मोएलागी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला, खालचा पण स्थिर. "पेपरात मी तुमच्या रीतीने नाही लिहिलं. मिश्रणाची गणितं. तुम्ही म्हणाला होतात, तोंड दाखवू नकोस. म्हणून आले नाही. माफ करा."

माणसं बघत होती. मी दोघींना आत आणलं. सिएनीला मी स्वतः हाताला धरून खुर्चीवर बसवलं, वास आला, आणि या वेळी मी खिशातून रुमाल काढला नाही. मोएलागी चटईवर बसायला लागली. मी तिला थांबवलं आणि माझ्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. मग मीच चटईवर बसलो. रुता दारात उभी राहून बघत होती, तोंडावर हात.

सप्टेंबरची चाचणी कपाटात होती, मी काहीच फेकत नाही. काढली. एकास चार, दहा लिटर. तिचं दोन. त्यावर माझी फुली, कागद फाटायच्या बेताची.

त्या खिळ्याला अडकवलेल्या कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "हे कसं काढलंस?"

तिने भुवया वर केल्या नाहीत. जमिनीकडे बघितलं. मी थांबलो. दहा सेकंद झाले, मग आणखी बरेच. डुक्कर ओरडलं.

"आजीच्या औषधाच्या बाटलीवरून, सर," ती म्हणाली. "एक रेघ औषध, चार रेघा पाणी. सगळ्या मिळून पाच. दहाचे पाच भाग केले, एकेक दोनचा."

रुताने दारातूनच म्हटलं, हळू, पहिल्यांदाच न हसता, "सरबताचंही तसंच, अहो. एक आणि चार, पाच."

एक आणि चार, पाच. बोटांवर मोजता येतं. त्या बाटलीवर नेलपॉलिशच्या पाच रेघा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, वहीत लिहिल्या, आणि पोरींच्या नखऱ्यांवर टोमणा मारला. पुस्तकातली पाच बरोबर उत्तरं मी खोडली, सही करून. सरबत थुंकलेलं पोर मला कारखान्याची चूक सांगत होतं असं वाटलं. दोन महिने ही पोरगी आधी बरोबर उत्तर काढत होती आणि मग ते खोडून माझं चूक लिहीत होती, कारण मी मोठा आहे आणि माझी चूक तिने दाखवायची नसते. आणि परीक्षेत, जिथे तिचं सगळं आयुष्य होतं, तिथे बरोबर लिहिल्याबद्दल ती माझ्या दारात चटईखाली बसली.

एकतीस वर्षं. कितीजणांना मी दहाला चारने भागायला लावलं? त्यांतले किती कोणाच्या जखमा धुतायत?

मी लाल पेन तिच्यापुढे ठेवलं आणि सप्टेंबरच्या पानावर माझं अडीच दाखवलं. "मार फुली."

"नको, सर."

"माझा शब्द मोडायला दुसऱ्यांदा येऊ नकोस. मार."

तिने आजीकडे बघितलं. सिएनीचे डोळे मिटलेले होते, पण ती ऐकत होती. पोरीने पेन घेतलं, माझ्या समोरून टेबलावर हात नेताना 'तुलोऊ' म्हणाली आणि माझ्या उत्तरावर फुली मारली, इतकी बारीक की मला चष्मा शोधावा लागला.

मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, अगदी हळू, आजीच्या पायाचं फडकं सोडताना बोलते तशी, "सर, हे कसं काढलंत?"

आणि ती थांबली. मी बोलायला लागेपर्यंत तिने जमिनीकडे बघितलं नाही.